चकतीवर राहिलेला आवाज

मुलांनो, असं समजा की तुमच्या घरी एक गडी कामाला आहे. भारी चलाख. तुम्ही जे रोज मागता ते तो खिशातच घेऊन फिरतो. तोंडातून शब्द पडायच्या आत वस्तू तुमच्या हातात. जे तुम्ही वर्षातून एखाद्या वेळी मागता ते तो माळ्यावर नेऊन ठेवतो, लागलं तर शिडी लावून काढून आणतो. तुम्ही बापडे रोज खिशातलंच मागता आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगता, काय झटपट माणूस मिळालाय! आता समजा, माळ्यावरचं एक कौल फुटलं. आत पाणी गळायला लागलं. गडी तुम्हाला सांगेल? नाही सांगणार. माळ्यावरचं तुम्ही त्याला काही विचारलेलंच नाही. तो पहिल्यासारखाच चपळ, पहिल्यासारखाच हसतमुख.

असाच एक गडी बोईसरजवळ, दर्याकाठच्या नवापूरच्या एका कोळ्याच्या घरी आला. माणूस नव्हता तो, तळहातात मावेल अशी एक पत्र्याची डबी होती. ती घरात आली त्या दिवशी सगळे खूश होते. स्वरालाही खूश व्हायचं होतं, पण तिने दुकानात एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर तिच्या मनातून जात नव्हतं.

स्वरा तेव्हा सहावीत होती. तिचा बाप पुंडलिक स्वतःच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची, आणि घर, वाळवण, कोंबड्या आणि सगळ्यांची तोंडं आजी मंजुळाबाई सांभाळायची. आतल्या खोलीत खाटेवर स्वराचा आजा असायचा. दामू तांडेल. एके काळी ह्या माणसाने हाक मारली की दुसऱ्या बोटीवरचा माणूस वळून बघायचा. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता होय म्हणायचं तर तो उजव्या हाताचं एक बोट उचलायचा, नाही म्हणायचं तर मूठ मिटायचा. घरात त्याला विचारायचे तेही तेवढंच. जेवण हवं का, पाणी हवं का, पंखा लावू का.

पण दामू तांडेलाचा आवाज अजून उरला होता. झटका येण्याआधीच्या सुट्टीत स्वराने शाळेच्या उपक्रमासाठी तो आईच्या फोनवर धरून ठेवला होता. पाण्याखालचे खडक किनाऱ्यावरच्या कुठल्या खुणांवरून ओळखायचे, डोल जाळं भरतीला कसं तोंड करून लावायचं, वारा फिरण्याआधी पाण्याचा रंग कसा बदलतो, असं काय काय तो सांगत होता. मधेमधे खोकत होता, मधेमधे नातीला शिव्या घालत होता. घरातल्या कुणाकडेही ह्याहून मोठी ठेव नव्हती. आणि आईचा फोन आता भरून वाहत होता. नवा फोटो काढायला गेलं तरी तो जागा नाही म्हणून अडून बसायचा.

म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. बेताचा, पण भरपूर जागा असलेला.

बोईसरला निमेशभाईचं दुकान होतं. तो सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्याने पुंडलिकपुढे काउंटरवर तीन डब्या मांडल्या आणि समजावून सांगितलं. पहिलीच्या आत आरशासारखी एक चकती असते. ती गरागरा फिरते आणि तिच्यावरून एक सुई, न टेकता, केसाएवढं अंतर ठेवून जाते. जागा पुष्कळ, पण काम सावकाश. दुसरीत फिरणारं काहीच नाही, सगळं एका चिपमध्ये. वीज चमकावी तशी चालते, पण परवडेल त्यात जागा इतकी कमी की आज्याच्या गोष्टी ठेवल्या की बाकी काही मावणार नाही. तिसरी हायब्रिड. आत मोठी चकती आहेच, शिवाय मूठभर चिपही आहे. तुम्ही काय रोज उघडता ह्यावर ती स्वतःच नजर ठेवते आणि तेवढ्याची नक्कल चिपवर करून हाताशी ठेवते.

पुंडलिक हसला. "म्हणजे शिडाची बोट आणि वर मशीनपण. हीच द्या."

निमेशभाई डबी पुसू लागला. स्वरा काउंटरला हनुवटी टेकून बघत होती. तिने विचारलं, "आणि जे रोज नाय उघडत, ते?"

"ते चकतीवर. तिथंच पडून राहतं."

"आणि चकती बिघडली तर?"

निमेशभाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला की चकतीला हादरा सोसत नाही. फिरत असताना धक्का बसला तर सुई टेकते, आणि टेकली की चरा पडतो. म्हणून मोलाचं काही असेल त्याची एक प्रत दुसरीकडे असावी, एक पेन ड्राइव्ह तरी घेऊन ठेवा. पुंडलिकला वाटलं, माणूस आणखी एक वस्तू गळ्यात मारतोय. एका घरात दोन चुली कशाला, असं काहीसं बोलून त्याने विषय मिटवला.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण चूक इथे झाली, आणि ती आळशी माणसाची चूक नव्हती. शहाण्या, सावध माणसाची होती.

नवापूरला ज्यांची घरं पाण्यालगत आहेत ते मोलाची वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत. अमावस्या-पुनवेला उधाण येतं. एखाद्या वेळी पाणी पायऱ्या चढून घरात येतं, आणि खाली जे असेल ते दर्याचं. पुंडलिकच्या घरात तांदळाची कोठीसुद्धा चौथऱ्यावर होती. मग नवा कॉम्प्युटर टेबलावर कसा राहील? टेबलाचे पाय त्या घराने कितीदा भिजलेले पाहिले होते. पुंडलिकने सगळं घर नजरेखालून घातलं आणि त्याला जागा सापडली. ओसरीवर मासळीचा मोठा डीप फ्रीझर होता. पेटीसारखा आडवा, विटांवर चढवलेला, दोन झाकणांचा. डावं झाकण रोज उघडायचं. उजवं आतून बर्फ धरून कधीचंच चिकटलं होतं. त्या चिकटलेल्या झाकणावर त्याने कॉम्प्युटर मांडला, ती डबी ज्यात बसवली होती तो डबा भिंतीच्या खिळ्याला नायलॉनच्या दोरीने करकचून आवळला, आणि गाठ ओढून बघत म्हणाला, "आता दर्या घरात आला तरी ह्याला हात नाय लागायचा."

दर्याचा हात लागला नाही हे खरं. पण फ्रीझर जुना होता. त्याचं मशीन सुरू होताना सगळी पेटी अंगात आल्यासारखी थरथरायची, बंद होताना एक हिसका द्यायची. डबा सैल असता तर थोडा सरकला तरी असता. पुंडलिकची गाठ त्याला सरकू देत नव्हती. आणि आजी मासळी काढून डावं झाकण सोडायची ते धप्पकन. वर्षानुवर्षांची सवय होती ती.

आज्याच्या गोष्टी फोनमधून कॉम्प्युटरमध्ये गेल्या. तिकडे आहेत ना, म्हणून बापाने त्या फोनमधून पुसून टाकल्या.

पहिले काही महिने त्या घरात कॉम्प्युटरचं नाव निघालं की कौतुकच निघायचं. बटण दाबून चहाचा कप उचलेपर्यंत तो तयार. पुंडलिक पहाटे वाऱ्याचा नकाशा बघून बोटीवर जायचा. आई बाजारातून आली की भजनं लावायची, स्वरा अभ्यास म्हणून बसायची आणि गाडीचा खेळ खेळायची. नकाशा, भजनं आणि खेळ, सगळं चिपवर येऊन बसलं होतं. आज्याच्या गोष्टी कुणी उघडत नव्हतं.

एकदाच उघडल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात स्वराने एक लावली, आणि आतल्या खोलीतून खाट आपटल्याचा आवाज आला. आजा उजव्या हाताने खाटेची पाटी बडवत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजीने धावत येऊन सगळं बंद करायला लावलं. त्याचा त्याला आवाज ऐकवून जखमेवर मीठ चोळू नका, असं तिने सगळ्यांना बजावलं. तिचं दुखणं खरं होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. त्या दिवसापासून गोष्टी चकतीवर पडून राहिल्या, आणि चकती फ्रीझरवर थरथरत राहिली.

पावसाळ्यात तो आवाज सुरू झाला. टक्. थोडं थांबून, टक् टक्.

आजी ओसरीवर मासळी साफ करत होती. तिने जमिनीवर तीनदा बोट आपटलं आणि कृष्ण कृष्ण म्हटलं. पाल चुकचुकली की म्हणतात तसं. पुंडलिक कामाला निघाला होता तो तिच्या भिडेखातर दोन घोट पाणी पिऊन निघाला. पुढे ती पाल वरचेवर चुकचुकू लागली. आजीने झाडूने भिंत ठोकून बघितली, फ्रीझरच्या मागे डोकावून बघितलं. पाल काही दिसली नाही. आजी म्हणाली, न दिसणारी पाल जास्त वाईट.

स्वराही शोधत होती. तिला एवढं कळलं की खेळ लावला की पाल गप्प असते. भजनं लावली तरी गप्प. पण एकदा तिने मावशीच्या लग्नातले जुने फोटो उघडायला घेतले, तर पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि भिंतीकडून नव्हे, दोरीने बांधलेल्या डब्यातून आवाज आला. टक् टक्. टक्. फोटो आले, पण दोन आलेच नाहीत. तिने घाईघाईने खेळ लावला. खेळ झटकन आला, पहिल्यासारखाच. हे बघून ती खेळ तसाच सोडून उठली.

तिने बापाला सांगितलं. त्याने बटण दाबून बघितलं, वाऱ्याचा नकाशा क्षणात समोर आला, आणि तो म्हणाला की बघ, घोड्यासारखा पळतोय, तुला काय झालंय? तिला काय झालंय ते तिला नीट मांडता येईना. आईने पेन ड्राइव्ह मात्र आणून दिला, पण नंतर बघू म्हणत तो देव्हाऱ्याशेजारी राहिला. डबा आपण चालू करावा आणि तो आतल्या आत आणखी फाटावा, ह्या भीतीने स्वरानेही हात लावला नाही. ही भीती तुम्हाला ठाऊक असेल. दुखतं तिथे बोट लावायचं नाही, म्हणजे दुखत नाहीच असं वाटतं.

मग पितरांची अमावस्या आली. पुंडलिकने पहाटे कावळ्याला घास ठेवला आणि उधाण साधायला डोल जाळ्यावर गेला, कारण ते जाळं उधाणाच्या ओढीवरच भरतं. आई बाजारात. शाळेला सुट्टी. भर दुपारची भरती होती. आजी उंबऱ्यात बसून पायऱ्यांकडे बघत होती. पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. वरच्या पायरीला लागलं की घराची वीज मेन स्विचवरून तोडायची, ही त्या वस्तीची रीत. त्यात कुणी हयगय करत नाही, केली त्यांची काय गत झाली ते सगळ्यांना माहीत असतं.

स्वराने बाप सांगून गेला म्हणून वारा बघायला कॉम्प्युटर लावला. नकाशा आला. आणि काहीच न उघडता, आपणहून, डब्यात आवाज सुरू झाला. आता तो थांबून थांबून येत नव्हता. घड्याळासारखा येत होता.

तिने आजीचा फोन घेतला आणि निमेशभाईला लावला. तो आवाज त्याला ऐकवला.

"डबा कशावर ठेवलाय?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने रागावण्यात वेळ घालवला नाही. फ्रीझर आत्ता बंद कर, म्हणाला, झाकण उघडलं नाही तर आतली मासळी संध्याकाळपर्यंत टिकते. कॉम्प्युटर बंद करू नको, हलवूही नको. चकती एकदा थांबली तर पुन्हा फिरेल असं मी सांगू शकत नाही. आणि जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी काढून घे.

स्वराने फ्रीझरचा प्लग खेचला. थरथर थांबली तेव्हा घर इतकं शांत झालं की पायरीवर चाटणारं पाणी ऐकू यायला लागलं. आजी ओरडणार होती, पण पोरीचं तोंड बघून ती उठून जवळ आली. स्वराने तिला सगळं सांगितलं. आजीला चिप आणि चकती किती कळली कोण जाणे, पण पाल कुठे बसली होती ते कळलं. तिने डाव्या झाकणावर हात ठेवला आणि तो काढून पदराला पुसला.

देव्हाऱ्याशेजारचा पेन ड्राइव्ह लावला. गोष्टी एकेक करून निघू लागल्या. खडकांची निघाली. वाऱ्याची निघाली. एक अर्धी येऊन अडली, पुन्हा चालू झाली, निघाली. मधली पायरी पाण्याखाली गेली होती. आजी एकदा पाण्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होती.

शेवटची राहिली. सगळ्यांत लांब तीच होती, आणि ती समुद्राची नव्हतीच. आज्याने त्यात घरातल्या एकेकाला हाक मारून त्याच्याबद्दल काहीबाही सांगितलं होतं, मंजुळा पहिल्यांदा कुठे दिसली तिथपासून. आजीला तिच्यात काय आहे ते माहीत नव्हतं. धरून ठेवताना स्वराने ऐकली तेवढीच, बाकी कुणी ती ऐकली नव्हती. चक्र फिरलं आणि थांबलं. पडद्यावर पाटी आली: ही फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायची? स्वराने पुन्हा प्रयत्न केला. पाटी पुन्हा आली. आणखी एकदा. डब्यातला आवाज आता खरवडल्यासारखा येत होता.

तिने निमेशभाईला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नक्कल करताना एक तुकडा नाही वाचला की कॉम्प्युटर सगळी फाइलच नाकारतो. पण नुसती वाजवली तर कधी कधी तो फाटका तुकडा ओलांडून पुढे जातो. एकदा वाजेल, कदाचित. दुसऱ्यांदा वाजेल असं समजू नको. फोन शेजारी धर आणि रेकॉर्ड कर, आवाज मोठा ठेव.

आवाज मोठा म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाणार. आजीने मान हलवली. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आजच्या दिसाला नाय गो. आज मेल्यांना बोलावतात. जित्या माणसाचा आवाज आज असा वाजवू नये."

"उद्या चकती नसेल, आजी."

"त्याचा जीव जाईल ऐकून."

स्वराला वाटलं, आजी म्हणते तसंही होईल. पाणी वरच्या पायरीच्या कडेला आलं होतं आणि आजी भिंतीशी जाऊन मेन स्विचच्या खटक्यावर हात ठेवून उभी राहिली होती.

मग स्वरा आत गेली. खाटेजवळ बसली. आजा जागाच होता; सगळं ऐकत होता, तो नेहमीच ऐकत असायचा. तिने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजा, तुझा आवाज लावू? एकदाच लागेल. रडू येईल तुला. लावू?"

इतक्या महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं. हात तसाच पडून राहिला. बाहेर आजी हाक मारत होती की पाणी लागलं, पाणी लागलं. स्वराला वाटलं, मूठ मिटतेय. बोटं आत वळली होती खरी.

मग त्यातलं एक बोट सरळ झालं आणि वर उचललं गेलं.

स्वरा धावत ओसरीवर आली. आजी खटक्यावर हात ठेवून उभी होती आणि तिच्या पायांशी, उंबऱ्याच्या आत, पाण्याची पहिली पातळ जीभ आली होती. स्वराने फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, तो स्पीकरसमोर उभा धरला, आजीकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, आणि आज्याची गोष्ट वाजवायचं बटण दाबलं.